मुक्काम पोस्ट बदलापूर : स्थलवाचक इंग्रजी शब्दांचा एक स्थानिक इतिहास

१

बदलापूर गावात राहणाऱ्या गृहस्थास पत्र धाडावयाचे झाल्यास पाकिटावर 'मु. पो. बदलापूर' असे लिहिण्याची जुनी रीत आहे. लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास या अक्षरांत काही विशेष आहे असे वाटत नाही. शब्दांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र हा त्रोटक पत्ता विचार करण्याजोगा आहे. त्यातील 'मुक्काम' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. 'पोस्ट' इंग्रजीतून आला. आणि 'बदलापूर' या नावाची जी व्युत्पत्ती गावात सांगितली जाते ती खरी मानली तर त्याचा पूर्वार्धही अरबी ठरतो. निव्वळ संस्कृत म्हणावा असा त्यात शेवटचा 'पूर' तेवढा उरतो.

मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. कोशकारांनी शब्द, त्याचे मूळ व त्याचा अर्थ यांची नोंद केली. भाषाशुद्धीच्या वादात उतरलेल्यांनी हे शब्द ठेवावेत की टाकावेत याची चर्चा केली. ही दोन्ही कामे महत्त्वाची आहेत. परंतु परका शब्द संबंध भाषेत एकाच वेळी शिरत नसतो, ही गोष्ट त्यात नजरेआड होते. तो एखाद्या विशिष्ट स्थळी, विशिष्ट वस्तूबरोबर, विशिष्ट लोकांच्या तोंडी उतरतो. आणि पुढे त्याचा अर्थ त्या स्थळाच्या इतिहासाने घडत जातो. कल्याणच्या आग्नेयेस रेल्वेमार्गावर ओळीने वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांच्या बोलण्यात रुळलेले काही इंग्रजी शब्द घेऊन हे विधान तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वस्तूंची नावे म्हणून आलेले शब्द आणि स्थळांची नावे म्हणून आलेले शब्द यांचे वर्तन सारखे नसते. वस्तुवाचक शब्दांच्या रूपात पुष्कळ फरक पडतो, पण त्यांच्या अर्थाला सहसा धक्का पोहोचत नाही. याचे उदाहरण अंबरनाथलाच सापडते. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजेच 'विमको'चा, आगपेट्यांचा कारखाना या गावी होता. आगपेटीस किंवा काडेपेटीस मुंबईकडच्या बोलण्यात 'माचिस' म्हणतात. हा शब्द 'मॅचेस' या इंग्रजी अनेकवचनापासून निघाला. मराठीत येताच अनेकवचनाचा प्रत्यय शब्दाच्या पोटात जिरला आणि 'एक माचिस' असे एकवचन तयार झाले. इंग्रजीत 'मॅच' म्हणजे एक काडी. आपल्याकडे 'माचिस' म्हणजे काड्यांनी भरलेली पेटी, आणि काडीला काडीच म्हणतात. हा फरक गमतीचा आहे, पण वरवरचा आहे. वस्तू तीच राहिली आणि तिचा उपयोगही तोच राहिला.

स्थलवाचक शब्दांचे तसे नाही. स्थळी माणसे येतात, राहतात, निघून जातात किंवा कायमची वस्ती करतात. आणि त्यांच्या राहण्याचे स्वरूप पालटले की शब्द तोच राहूनही अर्थ पालटतो. या तीन गावांतील 'पोस्ट', 'स्टेशन', 'कॅम्प' व 'बराक' हे शब्द या दुसऱ्या जातीचे आहेत.

३

प्रथम 'मुक्काम' व 'पोस्ट' हे दोन शब्द पाहू. अरबीतील 'मक़ाम' या शब्दाचा धात्वर्थ 'उभे राहणे' असा आहे. त्यावरून उभे राहण्याची जागा आणि मग प्रवासात थांबण्याची जागा असे अर्थ निघाले. मराठीतही 'मुक्काम करणे' म्हणजे तात्पुरते उतरणे. पाहुणा मुक्काम करतो, फौज मुक्काम करते, पालखी मुक्काम करते. घरधनी आपल्या घरात मुक्काम करीत नाही. असे असूनही पत्त्यात जेव्हा 'मुक्काम बदलापूर' असे लिहितात तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मनुष्य अभिप्रेत असतो. थांबण्याचा वाचक असलेला शब्द येथे राहण्याचा वाचक झाला आहे. हा पालट इंग्रजी राजवटीच्या प्रभावाने झाला असे म्हणता येत नाही, कारण तशी प्रवृत्ती शब्दातच होती.

'पोस्ट' या शब्दाची कथाही याहून फारशी निराळी नाही. लॅटिनमधील 'ठेवणे' या अर्थाच्या धातूपासून इटालियन 'पोस्ता' व फ्रेंच 'पोस्त' यांच्या मार्गे तो इंग्रजीत आला. राजाची पत्रे त्वरेने पोहोचविण्यासाठी वाटेत ठरावीक अंतरांवर माणसे व ताजे घोडे 'ठेवलेले' असत. त्या टप्प्यांस हे नाव होते. पुढे ते टप्प्यांवरून पत्रव्यवस्थेस आणि पत्रव्यवस्थेवरून तिच्या कचेरीस लागले. आपल्याकडील 'डाक' या शब्दातही टप्प्याटप्प्याने माणसे व घोडे बदलून केलेली वाहतूक हाच अर्थ होता, आणि 'डाकबंगला' या जोडशब्दात त्याची खूण टिकून आहे.

आता बदलापूर या नावाविषयीची लोकसमजूत ध्यानात घ्यावी. मराठी स्वार सुरतेच्या वाटेने जात असता येथे घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे सांगतात. ही व्युत्पत्ती सिद्ध झालेली आहे असे मानणे धाडसाचे होईल. याच नावाचे दुसरे बदलापूर उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात आहे, आणि सुरतेच्या वाटेची कथा त्या गावास लावता येणार नाही. नावाचा ध्वनी ऐकून मागाहून कथा रचली जाण्याचा प्रकार स्थलनामांच्या बाबतीत नेहमीचा आहे. परंतु व्युत्पत्ती म्हणून जी कथा दुबळी ठरते ती समजुतीची साक्ष म्हणून उपयोगी पडू शकते. आपले गाव म्हणजे एका मोठ्या वाटेवरचा टप्पा, अशी या गावाची स्वतःविषयीची कल्पना या कथेत व्यक्त झाली आहे. इंग्रजी 'पोस्ट' हा मूळचा घोडे बदलण्याच्या टप्प्याचा वाचक शब्द नेमका अशा गावाच्या नावामागे येऊन बसावा, हा योगायोग खरा. पण वाटेवरच्या गावाला वाटेचेच शब्द मिळावेत यात नवल नाही.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 'बदल' हा शब्द अरबी आहे याची आठवण आज कोणाही मराठी माणसास होत नाही. 'बदलणे' हा धातू तर मराठीच्या सर्व काळांत व सर्व पुरुषांत चालतो. परका शब्द किती खोलवर मुरू शकतो याचे हे प्रमाण आहे, आणि इंग्रजी शब्दांविषयी मत बनविताना ते डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट होय.

४

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. १८५४ च्या मे महिन्यात रूळ कल्याणपर्यंत आले, आणि कल्याणच्या पुढे पळसधरीपर्यंतचा मार्ग १२ मे १८५६ रोजी खुला झाला. बदलापूर याच मार्गावर आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची व दुसरी १८५७ ची. म्हणजे त्या थोर कोशाचा संग्रह मुख्यतः रेल्वेपूर्व मराठीचा आहे. रुळांबरोबर जी शब्दसंपत्ती आली तिची पहिली नोंद कोशात न होता लोकांच्या तोंडी झाली.

त्यातला अग्रगण्य शब्द 'स्टेशन'. बोलण्यात त्याची 'ठेसन', 'टेसन', 'इस्टेशन' अशी रूपे झाली. लॅटिन 'स्तातिओ' म्हणजे उभे राहणे, थांबणे. हाच धातू संस्कृतात 'स्था' या रूपाने आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, त्यास हा शब्द चांगले उदाहरण होऊ शकेल. म्हणून 'स्टेशन' शब्दास 'स्थानक' हा प्रतिशब्द योजणाऱ्यांनी परक्या शब्दाच्या जागी स्वकीय शब्द आणला असे म्हणण्यापेक्षा एका भावाच्या जागी दुसरा भाऊ बसविला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. शिवाय 'मुक्काम' या शब्दाच्याही मुळाशी 'उभे राहणे' हाच अर्थ असल्याचे वर सांगितले आहे. अरबी, लॅटिन व संस्कृत या तिन्ही भाषांत थांबण्याच्या जागेची कल्पना उभे राहण्यावरून निघावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

बदलापुरात या शब्दाने जे केले ते मात्र कोशात सापडणार नाही. रेल्वेने आपल्या स्टेशनास बदलापूर हे नाव दिले. पण स्टेशन उभे राहिले ते कुळगावच्या बाजूस. मूळचे बदलापूर स्टेशनापासून अंतरावर, उल्हास नदीच्या अंगास राहिले. पाटीवरचे नाव हळूहळू भोवतालच्या वस्तीस लागले, आणि पुढे वाढलेल्या नगरास नाव देताना नगरपरिषदेला 'कुळगाव-बदलापूर' असा जोड द्यावा लागला. परिणाम असा झाला की ज्या खेड्याचे हे नाव मूळचे, त्याचाच उल्लेख आता 'बदलापूर गाव' असा खुलासा करून करावा लागतो. रेल्वे येण्यापूर्वी 'बदलापूर' म्हटले की गावच समजले जाई. 'गाव' हा शब्द वेगळा जोडण्याचे कारण नव्हते. एका इंग्रजी शब्दाच्या आगमनाने एका अस्सल मराठी शब्दावर नवे काम येऊन पडले. उसना शब्द भाषेत येतो तेव्हा आधीच्या शब्दांची परस्परांतील व्यवस्थाही हलते, हे यावरून दिसून येईल. शब्दांच्या याद्या करून हा परिणाम हाती लागत नाही.

याच मार्गावरचे 'अप' व 'डाऊन' हे शब्दही पाहण्यासारखे आहेत. मुख्य नगराकडे जाणारी गाडी 'अप' व तेथून निघणारी 'डाऊन' ही विलायतेची रीत; तेथे मुख्य नगर लंडन, आपल्याकडे मुंबई. त्यामुळे मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागते, तेव्हाही ती 'डाऊन'च असते. आणि घाट उतरून येणारी 'अप' असते. शब्दार्थ आणि जमिनीचा उतार यांचा असा उघड विरोध असूनही कोणाचा घोटाळा होत नाही. येथे चढउतार जमिनीचा नसून मानाचा आहे. कोणते नगर केंद्र आणि कोणते त्याचे अंकित, हे ठरविणाऱ्या सत्तेचा नकाशाच या दोन शब्दांत साठविला आहे.

'लोकल' या शब्दात तर अर्थ जवळजवळ उलटला. इंग्रजीत ते विशेषण. अर्थ 'त्या स्थळापुरते'. मराठीत ते स्त्रीलिंगी नाम झाले: 'लोकल आली', 'लोकल चुकली'. बदलापूरच्या रहिवाशास लोकल म्हणजे त्याला त्याच्या स्थळापासून सुमारे ६८ किलोमीटर दूर मुंबईस नेणारी व रात्री परत आणणारी गाडी. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ होती, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. ही वाढ ज्या गाडीच्या आधाराने झाली तिचे नाव 'स्थानिक' असावे, आणि तिने घडविलेले जीवन मात्र रोज स्थान सोडण्याचे असावे, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

५

आता या लेखाच्या मुख्य शब्दाकडे वळू. 'कॅम्प' हा शब्द लॅटिन 'कांपुस', म्हणजे मोकळे मैदान, यापासून निघाला. मैदानात सैन्य उतरे म्हणून तो तळाचा वाचक झाला. विद्यापीठाच्या आवारास आपण 'कॅम्पस' म्हणतो तो याच मुळाचा. सैन्याचा तळ आज आहे, उद्या हलणार. हंगामीपणा हे या शब्दाच्या अर्थाचे मर्म आहे. पुण्यास कॅम्प झाला तेव्हा मराठी माणसाने त्यास 'लष्कर' हा आपला रुळलेला फारसी शब्द दिला, आणि ती दोन्ही नावे पुण्यात चालतात. कल्याणजवळ तसे झाले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या शेजारी सैनिकांच्या ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठी मोठा तळ उभारण्यात आला. त्यात बराकींच्या रांगाच रांगा होत्या. युद्ध संपले आणि तळ ओस पडला. १९४७ साली देशाची फाळणी झाली व सिंधमधून निघालेल्या हिंदू कुटुंबांचे लोंढे समुद्रमार्गे व रेल्वेने मुंबई इलाख्यात येऊ लागले. त्यांपैकी सुमारे एक लाख लोकांना या रिकाम्या बराकींत जागा देण्यात आली. सैनिकांच्या दालनांत आडोसे घालून अनेक कुटुंबांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथील नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास 'उल्हासनगर' हे नाव मिळाले.

नाव मिळाले, पण 'कॅम्प' गेला नाही. नगराचे पाच भाग 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' असेच ओळखले जातात. त्यांच्या पोटात 'सेक्शन' आहेत, सेक्शनांत बराकी आहेत, आणि पत्ता सांगताना बराकीचा क्रमांक सांगतात. मूळच्या पुष्कळशा बराकी पाडल्या जाऊन त्या जागी इमारती उठल्या. तरी क्रमांक चालूच राहिले. पोस्टानेही उल्हासनगर-१ ते उल्हासनगर-५ हीच विभागणी मानली. 'बराक' या शब्दाच्या रूपाविषयीही एक टीप द्यावी लागेल. इंग्रजीत हा शब्द बहुधा अनेकवचनातच वापरतात. मराठीने त्याचा प्रत्यय काढून 'ती बराक, त्या बराकी' असे स्वच्छ स्त्रीलिंगी नाम केले. 'माचिस' शब्दात जो प्रत्यय गिळला गेला तोच येथे टाकला गेला. लोकांच्या तोंडचे व्याकरण आंधळे नसते; ज्या रूपाने कार्य साधते ते रूप ते स्वीकारते.

अर्थाच्या दृष्टीने घडलेली गोष्ट याहून गंभीर आहे. 'कॅम्प' शब्दाचे मर्म जो हंगामीपणा, तो येथे नष्ट झाला. ज्यांचा जन्म कॅम्प नंबर तीनमध्ये झाला, ज्यांची लग्ने तेथेच झाली व ज्यांची नातवंडे तेथील शाळेत गेली, त्यांच्या तोंडी 'कॅम्प' म्हणजे वाडवडिलांचे ठिकाण. 'मुक्काम' शब्दाच्या बाबतीत जे काही शतकांत घडले असेल, ते येथे एका पिढीच्या आयुष्यात घडले. मात्र ते सुखासुखी घडले नाही, ही गोष्ट विसरता कामा नये.

६

या लोकांना काय म्हणावे हाच त्या काळी एक प्रश्न होता. इंग्रजीत 'रेफ्युजी' हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६८५ नंतर फ्रान्स सोडून आलेल्या प्रॉटेस्टंट पंथीयांच्या संदर्भात रूढ झाला. त्यात आश्रयाची कल्पना मुख्य आहे. हिंदीने 'शरणार्थी' शब्द योजला. त्यात आश्रयाबरोबर याचनाही आली. मराठीने 'निर्वासित' शब्द पसंत केला. त्यात आश्रय नाही व याचनाही नाही, राहते घर हिरावले गेल्याचे दुःख तेवढे आहे. एकाच माणसाकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी होत. 'शरणार्थी' या शब्दातील दैन्य ज्यांना सोसवेना त्यांच्यासाठी 'पुरुषार्थी' हा चौथा शब्दही पुढे करण्यात आला. सरकारने या सर्वांना बगल देऊन 'डिस्प्लेस्ड पर्सन', म्हणजे विस्थापित व्यक्ती, ही संज्ञा कायद्यात घातली. १९५० चा दाव्यांविषयीचा कायदा आणि १९५४ चा नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा याच संज्ञेवर उभे आहेत. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल 'क्लेम' दाखल करावा लागे, आणि इंग्रजी न जाणणाऱ्या माणसासही हा एक शब्द शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्या शब्दावर घराचे छप्पर अवलंबून असते तो शब्द परका आहे की स्वकीय, याची चौकशी करण्यास कोणास सवड असणार?

नगरातील कारखानदारी वाढली तेव्हा तेथील मालावरील 'मेड इन यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, हा विनोद महाराष्ट्रभर पसरला. विनोद करणाऱ्यांनी तो नकली मालास उद्देशून केला. परंतु ज्यांनी रिकाम्या हातांनी येऊन लष्कराच्या पडवीत धंदे उभे केले, त्यांच्याकडे शेजारी कसे पाहात होते याचीही ती नोंद आहे. कॅम्पात राहणारा तो आज ना उद्या जाणारा, ही शब्दाच्या जुन्या अर्थातून आलेली समजूत अशा विनोदांच्या मुळाशी पुष्कळ काळ राहिली असावी, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

७

इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्याकडे पालटले यावरून आपल्या लोकांचे अज्ञान सिद्ध होते असे कोणी म्हणेल तर त्याने उलट दिशेचा व्यवहारही पाहावा. मराठीत 'घाट' म्हणजे डोंगरातून चढण्याउतरण्याची वाट. इंग्रजांनी तो शब्द घेतला आणि डोंगरांच्या अख्ख्या रांगेस लावला. सह्याद्रीचे 'वेस्टर्न घाट्स' झाले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या अर्थांतराची नोंद आहे, आणि त्या कोशाचे नावच मोहरमातील 'या हसन, या हुसेन' या घोषाचा अपभ्रंश होय. आपली 'चाळ' इंग्रजी कोशांत गेली. 'स्टेशन' शब्दास हिंदुस्थानातील इंग्रजांनी स्वतःच अधिकाऱ्यांच्या वसतिस्थानाचा नवा अर्थ दिला, आणि त्यावरून 'हिल स्टेशन' निघाले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली पाहिलेले माथेरान असे 'हिल स्टेशन' झाले, त्या वेळी तेथे रूळ नव्हते. नेरळहून गाडी वर गेली ती १९०७ साली. आज 'हिल स्टेशन' म्हणजे हवा खाण्याची जागा, एवढाच अर्थ मराठीत उरला आहे. तात्पर्य, शब्द सीमा ओलांडतो तेव्हा अर्थ पालटणे हा दोहोंकडील नियम आहे.

भाषाशुद्धीचा प्रश्न या दृष्टीने पाहिला पाहिजे. माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या चळवळीने मराठीस अनेक उपयुक्त शब्द दिले हे निर्विवाद आहे. 'स्थानक' शब्द आज उद्घोषणांत व पाट्यांवर सुखाने नांदतो. परंतु उल्हासनगरच्या 'कॅम्प'च्या जागी कोणी 'छावणी' शब्द बसवू म्हणेल तर शब्द शुद्ध होईल आणि इतिहास पुसला जाईल. 'छावणी' पुन्हा सैन्याची व हंगामी होईल. सैन्य निघून गेले, निर्वासित आले, ते रहिवासी झाले, हा तीन पायऱ्यांचा वृत्तान्त 'कॅम्प' या परक्या शब्दातच साठला आहे.

८

वरील विवेचनावरून काढता येईल असा निष्कर्ष मर्यादित आहे. मुक्काम, पोस्ट, स्टेशन, कॅम्प व बराक हे सर्व शब्द मूळचे थांबण्याचे, टप्प्याचे किंवा तात्पुरत्या निवाऱ्याचे वाचक आहेत. या रेल्वेमार्गावर ते सर्व कायमच्या वस्तीच्या पत्त्यात शिरले, कारण येथील वस्तीच वाटेवरच्या टप्प्यांतून वाढली. कोशातील व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. तो कोठे नांदला हे समजण्यासाठी पत्ते, पाट्या, दावे व बोलणे यांचीच साक्ष काढावी लागते. ज्यांनी बराकीतील पहिले संसार पाहिले अशी माणसे आता थोडी उरली आहेत. 'कॅम्प' हा शब्द कोणत्या वर्षी त्यांना घरासारखा वाटू लागला, हे त्यांनाच विचारता येईल, आणि ते विचारण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी फार काळ लांबणीवर टाकू नये.